तिसऱ्या रात्रीचा रकाना

वीस वर्षे मी ग्रहांची स्थाने लिहून देत होतो, आणि त्यातला एकही ग्रह मला आकाशात बोट करून दाखवता आला नसता. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर धंदा बसला असता. पण या अंकाच्या संपादकांनी 'पंचांगाच्या धंद्यातल्या गमती लिहा' म्हणून गळ घातली आहे, आणि गमती लिहायला बसलो तर पहिली गमत हीच आठवते. दुसरी जी आठवते तिला गमत म्हणता येत नाही. ती मी शेवटी लिहीन असे ठरवून बसलो होतो; आता वाटते, तीच लिहावी.

पंचांग कसे तयार होते हे पुष्कळांना ठाऊक नसते. लोकांना वाटते, जोशी रात्री गच्चीवर जाऊन तारे पाहतो आणि सकाळी उतरून काढतो. तसे काही नाही. शुक्रवार पेठेत छापखान्याच्या माडीवर माझी बैठक होती. समोर जुन्या करणग्रंथाची, म्हणजे ग्रहगणिताच्या पोथीची, कोष्टके, हाताशी पाटी, कानावर पेन्सिल. तिथी किती घटिकांपर्यंत, नक्षत्र किती पळांपर्यंत, रवी कुठे, मंगळ कुठे, सारे आकडेमोडीने निघते. ग्रहाचे स्थान आठवड्याचे एकदा काढायचे आणि मधले सहा दिवस त्रैराशिकाने भरायचे: सात दिवसांत इतका चालला, तर तीन दिवसांत किती? हे गणित झोपेतही व्हावे इतके अंगवळणी पडते. आणि या धंद्याचा एक कायदा आहे: रकाना रिकामा ठेवायचा नाही. पाऊस असो, ढग असो, घरात कोणी आजारी असो, पौष वद्य नवमीला सूर्य कधी उगवणार हे लिहावेच लागते. तो उगवलेला आपण पाहिला की नाही हे कोणी विचारत नाही.

गिऱ्हाइके मात्र तऱ्हेतऱ्हेची. ग्रहण छापलेल्या वेळेपेक्षा उशिरा लागले म्हणून गिरणीतला एक जॉबर माडीवर चढून आला होता. गरोदर बायकोला त्याने तासभर आधीच अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवले होते. "जोशीबुवा, तुमच्या त्या तासभरात तिनं मला किती बोलून घेतलं, त्येचं गणित करा आधी!" नव्या मागासाठी मुहूर्त विचारायला येणारा एक तेलगू विणकर म्हातारा होता. मी सांगेन त्या दिवशी नेमके त्याचे सूत यायचे नाही. तरी तो दर वर्षी यायचा. "पंतुलू, तुमी दिवस चांगला काडता. सूतवाला वाईट हाय," एवढेच म्हणायचा.

आणि एक दिवस चनबसप्पा अण्णा आले.

त्यांचे आमच्याच पेठेत सरकी-पेंडीचे दुकान होते. घर लिंगायत, घरात कानडी, दुकानात मराठी. उंच, सावळे, कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे. हातात आमचे पंचांग, आणि पंचांगात बोट घालून ठेवलेले.

"जोशीबुवा, तुमचा गुरू चुकतोय."

"कशावरून?"

"डोळ्यावरून. हितं लिवलंय, गुरू सोमवारी मघाच्या तारेजवळ. मी सोमवारी बघितलं, तर साहेब अजून लांबच हायती. शुक्रवारी पोचले."

मी हसलो. अडाण्याला समजावताना हसतात तसा. "अण्णा, पंचांग गणितावरून होतं. डोळ्यावरून नाही."

"मग गुरूला सांगा की तसं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला जवळजवळ ओढतच आपल्या माळवदावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, नेले. तिथे ताडपत्रीखाली पाच इंची काचेची दुर्बीण होती. रेल्वेतला एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना ती यांना देऊन गेला होता. अण्णा त्याच्याकडूनच मोडके इंग्रजी आणि आकाश शिकले होते.

"दाखवा, शनी कुटं हाय?"

माझा हात पंचांगाकडे गेला.

"ते पुस्तक खाली ठेवा, जोशीबुवा. वर बघा."

मी वर पाहिले. इतके तारे! कोणता काय, काही कळेना. अण्णा हसले नाहीत. त्यांनी दुर्बीण वळवली आणि मला डोळा लावायला सांगितले. गुरू होता. वाटोळा, दोन करडे पट्टे असलेला, आणि शेजारी एका ओळीत चार बारीक ठिपके, त्याचे चंद्र. वीस वर्षे ज्याला राशी, अंश, कला म्हणून लिहीत आलो तो तिथे होता. पत्रव्यवहारातूनच ओळखीचे असलेले माणूस दारात उभे राहावे, तसे काहीसे वाटले.

त्यानंतर आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मी अण्णांच्या माळवदावर असे. त्यांच्या पत्नी गंगाक्का जिन्यातून ताकाचा तांब्या वर सरकवत आणि कानडीत काहीतरी पुटपुटत. अण्णा भाषांतर करीत: "म्हणती, एक येडा होता, आता दोन झाले."

अण्णांचे काम असे: विलायतेहून मागवलेला ताऱ्यांचा मोठा नकाशा अंथरायचा, आकाशाचा एक लहान तुकडा दुर्बिणीत धरायचा, आणि नकाशातला एकेक तारा तपासून त्यावर पेन्सिलीने खूण करायची. व्यापारी माणूस गोदामातली पोती मोजतो तसे. कशासाठी, म्हणून मी एकदा विचारले. म्हणाले, "सगळी हायती का बघतो." त्यांच्या उजव्या डोळ्याला काचबिंदू झालेला होता; त्यातून त्यांना जवळजवळ दिसत नसे. डाव्यालाही सुरुवात आहे, वर्ष-दोन वर्षे टिकेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हे ते मला भाव पडल्याची बातमी सांगावी तसे सांगून मोकळे झाले, आणि पुन्हा डावा डोळा काचेला लावला.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेला, पंधरा दिवस उरले असतील. मिथुन राशीतला तुकडा चालू होता. अण्णा एकदम म्हणाले, "हितं एक जास्त हाय."

नकाशात नसलेला एक तारा. अगदी बारीक; सरळ पाहिले तर नाहीसा व्हायचा, किंचित बाजूला पाहिले की पुन्हा यायचा. दुसऱ्या संध्याकाळी तो होता, पण तिथे नव्हता. शेजारच्या दोन ताऱ्यांशी आदल्या दिवशी त्याचा त्रिकोण होता, आता तिघे जवळजवळ एका ओळीत आले होते.

"चालतोय," अण्णा म्हणाले. "तारा न्हाय. पावणा हाय."

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत दगडांचे शेकडो लहान गोळे सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यातला एक आमच्या माळवदावरून जात होता. तो कोणाला ठाऊक असलेला होता की कोणीच न पाहिलेला, हे ठरवायचे तर त्याची वाट, म्हणजे कक्षा, काढायला हवी. आणि ती काढायला तीन वेगवेगळ्या दिवसांची त्याची नेमकी जागा लागते. दोन दिवसांच्या जागांवरून तो कोणीकडे आणि किती वेगाने चालला आहे एवढेच कळते. तिसरी जागा सांगते की तो वळतो किती. सारी कक्षा त्या वळणात असते. ही गोष्ट मी इंग्रजी पुस्तकावरून अण्णांना वाचून दाखवली होती. म्हणजे मला ती ठाऊक नव्हती असे मला म्हणता येत नाही.

जागा मोजायची रीत अशी. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या काचेत एक बारीक लोखंडी कडी बसवलेली असते. दुर्बीण स्थिर ठेवायची. आकाश आपोआप सरकते. ओळखीचा तारा कडीआड जातो, बाहेर येतो. मग पाहुणा कडीआड जातो, बाहेर येतो. डोळा लावणाऱ्याने "गेला", "आला" म्हणायचे आणि दुसऱ्याने घड्याळाचे सेकंद टिपायचे. त्या सेकंदांवरून जागा निघते. म्हणून घड्याळ अचूक हवे. तारऑफिसात दुपारी चारला मद्रासहून वेळेचा इशारा येई. अण्णांचे रेल्वे-घड्याळ घेऊन मी रोज तिथे हजर. तिथला मुसलमान तारबाबू मला पाहिले की म्हणायचा, "क्या जोशीबुवा, आज भी टैम मिलाने कू आये क्या? बीवी से जास्ती घडी कू संभालते तुम!"

पहिली मोजणी झाली. सात दिवसांनी दुसरी झाली. तिसरी आणखी सात दिवसांनी करायची ठरली, आणि तो दिवस नेमका गड्ड्यातल्या शोभेच्या दारूचा निघाला. तिथी मी काढली होती. गड्डा माझ्या ध्यानात आला नाही.

अण्णांच्या घराण्याकडे नंदीध्वजाच्या मिरवणुकीतला मान होता. त्या दिवशी ते घरी असणे शक्य नव्हते. सकाळी पांढऱ्या बाराबंदीत दुकानाच्या पायरीवर उभे राहून ते मला म्हणाले, "आज तुमी बघायचं."

"मी? मी नुसता सेकंद टिपणारा."

"गुरू दिसला त्या दिवसापासनं तुमी बघणारेच हाय. एकट्यानं जमतंय. डोळा काचेला, कान घड्याळाला. टिकटिक मोजायची." मग आवाज उतरवून म्हणाले, "उद्यापरवापासनं चंद्र मोठा होतोय. पौर्णिमा सरंपर्यंत पावणा लांब गेलेला असंल. आजचं सोडू नका, जोशीबुवा."

मी संध्याकाळीच माळवदावर चढलो. पंचमीचा चंद्र होता. तो मावळला की आकाश काळे होईल, पाहुणा स्वच्छ दिसेल, म्हणून थांबलो. थांबायला नको होते. चंद्र असतानाही प्रयत्न करता आला असता. पण शेजारच्या सगळ्या माळवदांवर माणसे जमली होती, आणि होम मैदानावर दारूकाम सुरू झाले. खरे लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहितो: मी दारूकाम पाहिले. दुर्बिणीकडे पाठ करून, मान वर करून, पेठेतल्या लोकांबरोबर "अहाहा" करीत पाहिले. चक्रे फिरली, झाडे पेटली, बाण वर जाऊन फुटले. चंद्र केव्हा मावळला कळलेही नाही.

मग मी डोळा लावला. वारा पडलेला, थंडी धरलेली, आणि सगळा धूर पेठेवर येऊन बसलेला. काचेत नुसते पातळ ताक. पाहुणा तर नाहीच, पण ओळखीचे मोठे तारेही नाहीत. मी तास-दीड तास तसाच बसलो. धूर हलला नाही.

वही उघडी होती. पहिल्या रकान्यात अण्णांच्या अक्षरात पहिली मोजणी, दुसऱ्यात दुसरी. तिसरा रिकामा.

वीस वर्षांत माझ्या हातून एक रकाना रिकामा राहिलेला नव्हता. सात दिवसांत इतका चालला, तर चौदा दिवसांत किती? पाच मिनिटांचे काम. आकडे मी लिहिले. इथपर्यंत जे झाले त्याला धंद्याची सवय म्हणता येईल, आणि मी पुष्कळ दिवस स्वतःला तसे म्हणत आलो. पण आकडे फार सरळ दिसू लागले. पाहिलेले कधी इतके सरळ नसते. म्हणून मी एका ठिकाणी अर्धा सेकंद वाढवला, दुसऱ्या ठिकाणी पाव सेकंद कमी केला. हा अर्धा सेकंद सवयीचा नव्हता. तो माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा थेट माझ्या दारात. डोळे तांबडे, आवाज गेलेला, अंगावर कालचेच कपडे.

"मिळाला?"

'धूर होता' हे दोन शब्द होते. त्या दिवशी रात्री पुन्हा प्रयत्न करता आला असता. चंद्र अजून लहान होता. मी वही पुढे केली. अण्णांनी आकड्यांवरून बोट फिरवले. मग माझ्या पाठीवर थाप मारली ती इतक्या जोराने, की माझा चष्मा उतरला.

"एकट्यानं! धुरातनं! गंगव्वाला सांगतो."

त्यांनी गंगाक्कांनाच नव्हे, सगळ्या पेठेला सांगितले.

तो उन्हाळा मी कक्षेच्या गणितात घालवला. लॉगरिथमची कोष्टके, कागदांचे ढीग, घामाने चिकटणारे मनगट. कक्षा निघाली. निघणारच, गणिताला काहीही द्या, ते उत्तर देते. तिन्ही जागा आम्ही विलायतेतल्या एका आकाश-निरीक्षकांच्या मंडळाला कळवल्या होत्या. त्यांचे उत्तर आले: कळवलेला लघुग्रह माहितीतल्या कोणाशी जुळत नाही, तीन स्थाने परस्परांशी चांगली जुळतात, विशेषतः तिसरे, पुन्हा दिसेल तेव्हा अवश्य कळवावे. अण्णांनी ते 'विशेषतः तिसरे' मला चार वेळा वाचायला लावले. चौथ्या वेळी माझाही त्यावर विश्वास बसू लागला होता, हे सांगितले तर खोटे वाटेल, पण तसेच आहे.

माझ्या गणिताने पाहुणा सव्वा वर्षाने, वैशाखात, तूळ राशीत एका ठराविक जागी येणार होता. अण्णा त्या वैशाखाची वाट पाहत राहिले. डावा डोळा उतरत होता. दुकानात त्यांना आकडे वाचायला मुनीम लागू लागला. डोळ्यावर ताण नको म्हणून त्यांनी वाचन सोडले, नकाशे सोडले. "शिल्लक ठेवतोय," म्हणायचे. "त्येला एकदा बघितला की मग जाऊ दे डोळा." एरवी ते असे बोलणारे गृहस्थ नव्हते.

वैशाख आला. माळवद रात्रीसुद्धा तापलेले असे. मी सांगितलेल्या जागी अण्णांनी दुर्बीण लावली आणि आकाशाचा तो तुकडा तारा-तारा करीत शोधला. पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी घड्याळ घेऊन बाजूला बसलेला. आठव्या-नवव्या दिवशी मला माझ्यापुरते नक्की कळले. पाहुणा तिथे नाही, आणि तिथे असण्याचे काही कारणही नाही. तो कुठेतरी दुसरीकडे, त्याच्या खऱ्या वाटेने, निवांत चालला आहे. दहा-वीस अंश इकडे की तिकडे, कोण सांगणार? त्याचे वळण त्या एका रात्री टिपायचे होते, आणि त्या रात्री मी दारूकाम पाहत होतो.

अकराव्या दिवशी अण्णांनी डोळा काढला, डोळ्याला पदर लावावा तसे उपरणे लावले, आणि म्हणाले, "जोशीबुवा, तुमी बघा बरं."

गंगाक्का ताक घेऊन वर आल्या होत्या. जिन्याच्या तोंडाशी तांब्या धरून उभ्या राहिल्या.

मी पाहिले. नकाशातले तारे होते तसे होते. जास्तीचे काही नव्हते. मी बाजूला पाहून पाहिले, पुन्हा पाहिले. काही नव्हते.

"दिसतोय काय?"

मला नाही म्हणायचे होते. पण दोघांनाही दिसत नाही म्हटल्यावर चूक गणितात निघाली असती. गणित तपासायला घेतले तर तीन मोजण्या तपासाव्या लागल्या असत्या. आणि अण्णा काही साधे नव्हते. पेंडीच्या पोत्यात माती मिसळली तर त्यांना हाताला कळे.

"आहे," मी म्हणालो. "फार अंधुक आहे. पण आहे."

"कुटं?"

"कडीच्या वरच्या अंगाला."

अण्णांनी पुन्हा डोळा लावला. किती वेळ लावला होता ते घड्याळात पाहण्याचे मला धैर्य झाले नाही. मग ते हळूच मागे सरकले आणि माळवदाच्या कठड्याशी बसले.

"मला न्हाय दिसत," ते म्हणाले. "संपला म्हणायचा."

डोळा संपला म्हणायचा, असा त्याचा अर्थ होता. गंगाक्कांनी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी उभाच राहिलो. त्या वेळीसुद्धा सांगता आले असते.

चार दिवसांनी हमाल हातगाडीवरून दुर्बीण माझ्या घरी घेऊन आला. सोबत वही, नकाशे, घड्याळ. आणि अण्णांचा निरोप: "ज्येला दिसतंय त्येनं ठेवावी." मी परत करायला गेलो तर दुकानात बसलेले अण्णा म्हणाले, "न्हाय न्हाय. माझ्या घरात ती असली की मी रोज वर जाणार, आणि रोज मला दिसणार न्हाय. घेऊन जावा." वर्षभरात दुकान मुलाकडे देऊन ते वळसंगला शेतावर राहायला गेले. दुर्बीण धाडल्यानंतरही डावा डोळा सात-आठ महिने बरा होता, असे पुढे ऐकले. ते सात-आठ महिने त्यांनी आकाश पाहिले नाही.

तेव्हापासून दुर्बीण माझ्याकडे आहे. मी पाहायला शिकलो, चांगला शिकलो. पाहुण्याची पहिली दोन ठिकाणे घेऊन मी पुन्हा पुन्हा गणित मांडले, पण दोन ठिकाणांतून जाणाऱ्या वाटा इतक्या की आयुष्य पुरणार नाही. तरी हिवाळा आला की मी मिथुनात पाहतो, उन्हाळ्यात तुळेत पाहतो, आणि मधेच, काही कारण नसताना, कुठेही पाहतो. तो ठिपका मी फार तर तीन-चार वेळा पाहिला असेन. माणसाला माणसाची ओढ लागते ती मी समजू शकतो. पण सरळ पाहिले की नाहीसा होणाऱ्या एका ठिपक्याची इतकी ओढ का लागावी? रस्त्याने चालताना, पंचांगाची प्रुफे तपासताना, जेवताना, एकदम वाटते की आत्ता, या घटकेला, तो कुठेतरी आहे. ऊन आहे म्हणून दिसत नाही, एवढेच. आणि त्याच्या शेजारी मला अण्णांचा आवाज ऐकू येतो: चालतोय. तारा न्हाय.

गेल्या श्रावणात अक्कलकोटच्या मोटारीत बसून मी वळसंगला उतरलो. का त्याच दिवशी गेलो हे मला सांगता येत नाही. माझे स्वतःचे डोळे तपासून घेतले होते, आणि ते ठणठणीत आहेत असे डॉक्टर म्हणाले होते, एवढे मात्र खरे.

अण्णा ओसरीत बसून शेंगा फोडत होते. सगळे बोटांनी. दाणे एका सुपात, टरफले दुसरीकडे; एकही चुकत नव्हता. पावलांवरून म्हणाले, "कोण? जोशीबुवा? चाल तीच हाय की तुमची, घाबरट." हसले. गंगाक्का आतून आल्या, पाट मांडला. सुनेने पाणी आणले.

मी पाणी प्यायच्या आधी सांगितले. नाहीतर राहून गेले असते. धूर सांगितला, दारूकाम सांगितले, त्रैराशिक सांगितले, तो अर्धा सेकंद सांगितला. मग वैशाखातले सांगितले. "मला काही दिसलं नव्हतं, अण्णा. तिथं काही नव्हतंच."

शेंग फोडलेली तशीच त्यांच्या बोटांत राहिली. अंगणात कोंबड्या चरत होत्या.

"काय बी नव्हतं?"

"नाही."

"मला नव्हतं दिसत, म्हणजे तितं नव्हतंच."

"नव्हतं."

"म्हणजे त्या येळेला माझा डोळा बरोबर होता."

"बरोबर होता, अण्णा. माझ्यापेक्षा बरोबर होता."

मला वाटले होते, ते चिडतील. शिव्या देतील अशी तयारी करूनच मी आलो होतो. त्यांनी माझ्याकडे तोंडसुद्धा वळवले नाही. घराकडे वळवले.

"गंगव्वा, केळिदी? ऐकलंस? डोळा बरोबर होता म्हणे!"

त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आनंदच म्हणावे लागेल. ते पाहण्यापेक्षा शिव्या सोप्या गेल्या असत्या. गंगाक्का मात्र माझ्याकडे बघत होत्या. मोडक्या मराठीत, एकेक शब्द निवडून, त्यांनी विचारले, "मग दुर्बीण का घेऊन गेला तुमी?"

मी म्हणालो, "उद्याच आणून देतो."

"आता आणून काय करू?" अण्णा म्हणाले. "शेंगा मोजू? असू द्या." आणि हातातली शेंग त्यांनी सुपात टाकली, टरफलासकट. मोटारीची वेळ झाली तसा मी उठलो. ओसरी उतरलो तेव्हा त्यांचा आवाज आला, दुकानात मुनिमाला सांगायचे तसा:

"वहीतलं ते तिसरं खोडा. खोडून काय लिवायचं ते तुमास्नी ठाऊक हाय. आणि मी शोधलं तितं शोधू नका. ते शोधून झालंय. दुसरीकडं बघा. मिळाला तर कळवा. न्हाय मिळाला तर तसं कळवा."

घरी येऊन मी तिसऱ्या रात्रीच्या रकान्यावर रेघ मारली आणि लिहिले: 'धूर. दिसले नाही.' त्यानंतर ज्या ज्या रात्री पाहतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी वळसंगला एक कार्ड टाकतो. आकाशाचा कोणता तुकडा पाहिला ते, आणि खाली 'दिसले नाही'. पंचांगात मी अजून सगळे रकाने भरतो. पोट त्यावर आहे. पण 'दिसले नाही' हे शब्द लिहिताना हाताला जे वाटते ते पंचांग लिहिताना कधी वाटले नाही.

पहिल्या सहा कार्डांना उत्तर नाही. सातव्याला आले, सुनेच्या शाळकरी अक्षरात. कुशल वगैरे काही नाही. एकच ओळ:

'मामंजी विचारतात, धूर होता का?'

मी उलट टपाली लिहिले: 'धूर नव्हता. आकाश स्वच्छ होते. मी पाहिले. दिसले नाही.'